वीस मिनिटांची मान

त्या डायनासोरच्या मानेवर तिच्या बापाची कातडी होती. ही अलंकारिक भाषा नाही. खांद्यापासून जबड्याखालच्या लोंबत्या पिशवीपर्यंत जी सुरकुती न् सुरकुती होती, ती आधी तिच्या बापाच्या हातांवर, कोपरांवर आणि मानगुटीवर होती. तिथून ती तिनं स्वतःच्या हातानं उचलली होती.

सिनेमा असा होता. तीनशे वर्षांनंतरची माणसं काळात मागं जाणारं एक यान बनवतात. आभाळातून दगड कोसळायच्या आदल्या दिवशी तिकडं जातात आणि एक म्हातारी डायनासोर मादी उचलून आणतात. जीव वाचवला म्हणून आपलीच पाठ थोपटून घेतात. तिची अंडी तिकडंच राहिली हे कुणाच्या ध्यानात येत नाही. मग ती मादी काचेच्या घरात जमिनीला मान टेकून वाट बघत पडून राहते आणि एक दिवस मरते. बस, एवढंच. गोष्ट चांगली होती. गोष्टी चांगल्याच असतात, बनवणारे मधे येतात.

मादी बनवायचं काम ज्या कारखान्यात होतं, तिथं बाप साचे काढायचा आणि लेक कातडी करायची. लोक बापाला काका म्हणत, तिला ताई. पाठीमागं तिला कातडीवाली म्हणत, तेही तिला माहीत होतं आणि त्यात तिला काही गैर वाटत नव्हतं. धंद्यावरून पडलेलं नाव बापाच्या पैशावर पडलेल्या नावापेक्षा बरं.

डायनासोरची कातडी कशी करतात हे तिकीट काढणाऱ्याला ठाऊक नसतं. आधी मातीत अख्खं जनावर घडवायचं. मग त्या मातीवर ठसे दाबत जायचं. ठसा म्हणजे सिलिकॉनचा पातळ पापुद्रा. संत्र्याचं साल घ्या, अननसाची पाठ घ्या, फाटकी चामड्याची पिशवी घ्या. तिच्यावर सिलिकॉन लावा, सेट झालं की सोलून काढा, त्या वस्तूची कातडी तुमच्या हातात येते. ती मातीवर दाबत सुटायचं, इंच इंच, महिनोन्‌महिने. मग मातीवरून प्लास्टरचा साचा काढायचा, साच्यात रबराचा फेस ओतायचा आणि भट्टीत भाजायचा. भट्टीतून निघते ती कातडी.

पाय झाले, पोट झालं, शेपूट झाली. मान अडली.

दिग्दर्शकाला सगळे मागं ‘अजून-एकदा’ म्हणायचे, कारण त्याला दुसरं काही बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. तो चारदा येऊन मान बघून गेला.

“ताई, ही मगर झाली. मला म्हातारपण पाहिजे. आतून आलेलं.”

“आतून म्हणजे कुठून, सर?”

“ते तुम्ही शोधायचं. अजून एकदा करा.”

सिनेमावाल्यांना म्हातारपण फार आवडतं. म्हातारी माणसं तेवढी नको असतात.

ते म्हातारपण तिला जेवणाच्या सुट्टीत सापडलं. बाप समोर डबा उघडून बसला होता, कोपर टेबलावर टेकलेलं. चाळीस वर्षं प्लास्टर कालवून कालवून त्या हातातलं पाणीच पळालं होतं. आटलेल्या तळ्याच्या तळाला जशा भेगा पडतात तशा रेषा, रेषांच्या आत रेषा, आणि प्रत्येक रेषेत पांढरा धागा. तो कितीही साबण लावला तरी जायचा नाही.

“बाबा, हात असाच ठेवा.”

“का? काय सांडलं?”

“ठसा घेते.”

बापानं हात उलटासुलटा करून बघितला, जणू आजवर दुसऱ्याच कुणाचा वापरत होता. “चाळीस वर्षं मी दुनियेचे साचे काढले. नटांचे काढले, पुढाऱ्यांचे काढले, एका मेलेल्या शेठजीच्या तोंडाचासुद्धा काढला. माझा पहिला साचा निघतोय तो कशासाठी, तर सरड्याच्या मानेसाठी.”

“सरडा नाही. आई आहे ती.”

“मग तुझ्या आईचे हात घे की.”

“तिचे मऊ आहेत अजून.”

“असणारच. प्लास्टर मी खाल्लं.”

ठसे घ्यायला दोन दिवस लागले. केसांवर व्हॅसलीन चोपडायचं, पातळ सिलिकॉन ब्रशनं लावायचं, अर्धा तास हलायचं नाही. बाप हलत नव्हता, पण गप्पही बसत नव्हता. रबरी हातमोजे घालू नकोस, ते दुसरे घाल, प्लास्टिकचे. रबर आणि सिलिकॉन एका घरात नांदत नाहीत, सिलिकॉनला रबराचा वास लागला तरी ते रुसतं, सेटच होत नाही. “आणि कधी रबरावर सिलिकॉन ओतायची वेळ आलीच तर आधी वार्निशचे तीन हात. दोन नाही, तीन. मी मेल्यावरही तीनच.”

“ऐकलंय बाबा. लहानपणापासून ऐकतेय. बाकीच्या बापांनी पाढे शिकवले.”

घरी आईला कळलं तेव्हा ती खूश झाली. “म्हणजे हे पडद्यावर येणार? लग्नाच्या फोटोत यांचे डोळे मिटलेले आहेत. निदान इथं तरी नीट दिसतील.”

“मी नाही गं, माझं कोपर येणार,” बाप म्हणाला.

“कोपर तर कोपर. मी ओळखीन.”

मान झाली. ‘अजून-एकदा’ आला, बराच वेळ उभा राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीच न बोलता गेला. बापाचे ठसे तोवर माती चाटून चाटून फाटले होते. एका दुपारी ती टेबल साफ करत होती. चिंध्या झालेले ते पापुद्रे तिनं गोळा केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. जपून ठेवावेत असं मनातही आलं नाही. का यावं? मूळ माणूस दहा पावलांवर बसून साच्याला पट्ट्या मारत होता. पाहिजे तेव्हा परत काढू.

मानेचा साचा ओतायचा दिवस मंगळवार होता. फेसाचं काम असं असतं, की रबराच्या दुधात शेवटचं औषध पडलं की घड्याळ सुरू होतं. मान मोठी, एका घाण्यात भरणारी नाही. चार घाणे एकामागून एक फेटायचे आणि पहिला गोठायच्या आत दुसरा त्याला भेटला पाहिजे. मधे खंड पडला तर जोड दिसतो आणि साच्यासकट सगळं वाया जातं. दार बंद ठेवायचं, कारण वाऱ्याची झुळूकही चालत नाही. दाराला काच आहे, तेवढंच बाहेरचं जग.

पहिला घाणा आत गेला आणि काचेवर टकटक झाली. सुतार होता. “ताई, काकांना घाम फुटलाय. छातीत धरलंय म्हणतात.”

तिनं काचेतून बघितलं. बाप उलट्या बादलीवर बसला होता, भिंतीला पाठ लावून, तोंड राखेसारखं. तिच्या हातात दुसऱ्या घाण्याची बादली होती. बापानं तिला बघितलं. हात वर केला आणि मनगट वळवलं, बादली कलती करतात तसं. ओत. मग तोच हात दोनदा झटकला. ओत, इकडं काय बघतेस.

तिनं ओतलं.

सुतारानं गाडी बोलावली होती, ती येत होती. माणसं जवळ होती. सगळं खरं. पण तिसरा घाणा ओतताना तिनं काचेकडं बघितलं नाही, तेही खरं. कारण बघितलं असतं तर हात थांबला असता. चौथा घाणा ओतून, साच्याचे बोल्ट आवळून ती बाहेर आली तोवर वीस मिनिटं झाली होती. सुतार खाली बसला होता आणि बापाचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. डोळे या वेळी उघडे होते.

डॉक्टर नंतर म्हणाला, तुम्ही लवकर बाहेर आला असतात तरी फरक पडला नसता. डॉक्टरांना असं म्हणायला शिकवतात की काय कोण जाणे. फरक पडला असता. माणूस मेलाच असता, पण डोकं सुताराच्या मांडीवर नसतं.

आईनं कधी विचारलं नाही. ‘यांनीच खूण केली ना, ओत म्हणून?’ एवढंच एकदा म्हणाली. ताई ‘हो’ म्हणाली. त्यावर आईनं मान डोलावली आणि भांडी आवरायला लागली.

त्या दिवसापासून तिचा जीव एकच गोष्ट धरून होता. ती मान. वीस मिनिटं तिनं बापाला दिली नव्हती, मानेला दिली होती. मग मान राहिली पाहिजे. पडद्यावर आली पाहिजे, आईनं बघितली पाहिजे, हे माझ्या माणसाचं कोपर असं अंधारात बोट दाखवून म्हटलं पाहिजे. तेवढं झालं असतं तर वीस मिनिटांचा काहीतरी हिशोब लागला असता. नाही तर ती वीस मिनिटं म्हणजे चोरी होती.

शूटिंग अकरा दिवस चाललं. सात माणसं केबल ओढायची आणि मादी मान टेकायची. शेवटच्या श्वासाच्या दृश्याला दिवे धरणारा माणूस रडला. ‘अजून-एकदा’नं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “तुमचे वडील अमर झाले, ताई.” ते बोलताना तो दुसऱ्या हातानं फोन बघत होता.

तीन महिन्यांनी तिला काचेच्या खोलीत बोलावलं. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. दिग्दर्शक होता, निर्मितीचा माणूस होता, तो हातात कायम याद्या घेऊन फिरायचा म्हणून त्याला यादीवाला म्हणत. कॉम्प्युटरचं काम करणारा एक चष्मेवाला पोरगेलासा माणूस होता. शंभर लोकांना सिनेमा दाखवून झाला होता. मादी हळू हलते, असं शंभरांतले साठ जण म्हणाले होते.

“मरायला टेकलेली आहे ती,” ती म्हणाली. “उड्या मारायला पाहिजेत का?”

“तसं नाही, ताई,” यादीवाला म्हणाला. “काही काढत नाही आपण. तुमचंच राहणार, वरून फक्त कॉम्प्युटरनं मढवणार.”

“मान?”

चष्मेवाला भला माणूस होता, त्यालाच लाज वाटली. “मानेवर फार रेषा आहेत, मॅडम. हलताना मशीनला झेपत नाहीत. थोड्या सपाट कराव्या लागतात.”

“थोड्या म्हणजे किती?”

त्यानं लॅपटॉप तिच्याकडं वळवला. पडद्यावर मान होती. ओल्या बाटलीसारखी चकाकत होती, बाटलीसारखीच कोरी.

ती दिग्दर्शकाकडं वळली. “सर, आतून आलेलं म्हातारपण पाहिजे म्हणाला होतात.”

“मला अजून तेच पाहिजे,” तो म्हणाला, आणि दुःख म्हणजे, खरंच म्हणत होता. “पण माझं एकट्याचं कोण ऐकतं?”

म्हणजे नोकरच तो. मोठ्या खुर्चीतला.

करारात लिहिलं होतं की काम संपल्यावर मादी नष्ट करायची, साचे फोडायचे, म्हणजे दुसरं कुणी वापरणार नाही. शनिवारी सकाळी अकराला ट्रक येणार होता. यादीवाल्याला तिनं वीतभर तुकडा मागितला. फक्त वीतभर, जबड्याखालचा, कोपराचा.

“ताई, इंचाइंचाचे फोटो आहेत. कमी भरलं तर माझी मान जाईल.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “तुकडा देता येणार नाही. पण शुक्रवारी गोदामात तू जाऊन काय करतेस ते बघायला मला वेळ नाही. बाहेरच्यांचे नियम बाहेरच्यांना, तू घरची.”

आणि तसंही तुकडा घेऊन उपयोग नव्हता. रबराच्या फेसाचं आयुष्य कुत्र्याएवढंही नसतं. चारपाच वर्षांत कडक होतो, मग भुगा. सिलिकॉन मात्र माणसामागंही राहतं. तिनं ठरवलं, मानेवर सिलिकॉन ओतून कायमचा ठसा घ्यायचा.

शुक्रवारी सकाळी गोदामाच्या उंच खिडकीतून ऊन मादीच्या पाठीवर पडलं होतं. आतला सांगाडा काढून घेतला होता, त्यामुळं ती खरोखर मेल्यासारखी पडली होती. ताईनं जबड्याखाली वीतभर जागा चिकटपट्टीनं आखली. तिथं हात फिरवला. कोपराच्या त्या तीन आडव्या रेषा होत्या. मधल्या रेषेला फाटा होता, तिच्या लहानपणी बाप गाडीवरून पडला होता तिथला. तिनं डोळे मिटले तर बोटाखाली बाप होता. अगदी होता.

तिनं वार्निशचा डबा उघडला. पहिला हात मारला. तो वाळला तेव्हा तिनं बॅटरी धरून बघितलं. सगळ्यात बारीक, केसाएवढ्या रेषा वार्निशनं भरत चालल्या होत्या. अजून दोन हात मारले तर जाड रेषा राहतील, बारीक जातील. चष्मेवाल्यानं जे मशीननं केलं तेच ती ब्रशनं करणार होती.

तीन. दोन नाही, तीन. मी मेल्यावरही तीनच.

तिला ते ऐकू आलं. आलं नाही असं नाही. धंद्यातल्या कुठल्याही नवख्याला तिनं या चुकीबद्दल फाडून खाल्लं असतं. पण तिला एकही रेष सोडायची नव्हती. माणसाचं एवढं गेलेलं असलं की उरलेल्यातलं तिळाएवढंही द्यायला तो तयार होत नाही, आणि तिथंच गोता खातो. एक हात नीट बसलाय, एवढा पुरे, असं ती स्वतःशी बोलली. डबा बंद केला. सिलिकॉन कालवलं आणि ओतलं.

शनिवारी नऊ वाजता ती आली. ठोकळा वरून घट्ट झाला होता, बोटानं ठोकला तर छान ठणठणीत. तिचा जीव भांड्यात पडला. कडेनं नखं घालून तिनं तो हळूहळू उचलला आणि मधोमध पोचल्यावर हाताला कळलं. डोळ्यांच्या आधी हाताला कळतं. खालचा थर, कातडीला टेकलेला, जिथं रेषा उमटायला हव्या होत्या नेमका तोच थर, सेट झाला नव्हता. मधासारखा चिकट, लोंबणारा. रबराचा वास त्याला लागला होता. रुसला होता.

मानेकडं बघायची तिला हिंमत होत नव्हती, तरी बघितलं. चिकट सिलिकॉननं जाताना वरचा पापुद्राही ओरबाडून नेला होता. तीन आडव्या रेषांच्या जागी पिवळट स्पंज उघडा पडला होता. करारानं जे अकराला करायचं होतं ते तिनं नऊलाच केलं होतं, आणि तेही स्वतःच्या हातानं, बापानं सांगितलेलं असताना.

फसलेला ठोकळा एका खोक्यात घालून ती तिथंच बसली. ट्रक आला, माणसं आली, मादीचे करवतीनं सात भाग केले. यादीवाला टिकमार्क करत होता. मानेपाशी थांबला, उघडा स्पंज बघितला, तिच्याकडं बघितलं, आणि खूण करून पुढं गेला. त्याला वाटलं असावं तिला पाहिजे ते मिळालं.

सिनेमा लागला तेव्हा आईनं नवा चष्मा केला. चांगली साडी नेसली, सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. शेजारच्या अनोळखी बाईला सांगूनही टाकलं, “आमच्या घरातलं माणूस आहे यात.” बाईनं विचारलं, नट आहेत का? आई म्हणाली, “नाही, मान आहेत.”

ताईनं तिला आधी सांगायला हवं होतं. रोज ठरवायची, रोज आई चष्म्याच्या काचा पुसताना दिसायची.

मादी पडद्यावर आली. भलीमोठी, चपळ, चकाकणारी. लोकांनी शिट्या मारल्या. आई पुढं सरकून बसली. काचेचं घर आलं. मान जमिनीला टेकली आणि कॅमेरा जवळ जवळ जात गेला, इतका जवळ की मान सोडून पडद्यावर काही उरलं नाही.

आईनं बराच वेळ बघितलं. चष्मा काढला, परत लावला. मग सहज, भाजीवाल्याला सांगावं तशा आवाजात म्हणाली, “हे नव्हेत ते.”

“आई...”

“एवढ्या गुळगुळीत माणसाबरोबर मी संसार नाही केला.”

पडद्यावर मादी मरत होती. मागं कुणीतरी पिशवीतलं कुरकुरीत काहीतरी खात होतं. आई पडद्याकडंच बघत हळू म्हणाली, “म्हणजे त्या दिवशी तू आत थांबलीस, ते यासाठी नव्हतं?”

मशीन, शंभर लोक, करार, सगळं सांगता आलं असतं. त्यातलं काहीच त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

“नव्हतं,” ती म्हणाली.

आईनं मान डोलावली. दोघी शेवटपर्यंत बसून राहिल्या. नावं वर सरकत गेली, शेकडो नावं. बापाचं होतं, साचेकाम या शब्दाखाली, पण ते वाचेपर्यंत निघून गेलं.

घरी आल्यावर तिनं कपाटावरचा खोका काढला आणि आईपुढं ठेवला. वार्निशचा एक हात, न मारलेले दोन, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ऐकून झाल्यावर आईनं खोक्यातल्या ठोकळ्यावर बोट ठेवलं, अलगद, तापलेल्या कपाळावर ठेवावं तसं. बोट उचललं तर बारीक तार ओढत आली.

“ओलं आहे अजून.”

“हो.”

“कधी वाळायचं?”

“नाही वाळत, आई. ते आता असंच राहणार.”

आईनं बोटाला लागलेलं पुसलं नाही. ठोकळ्याच्या चिकट तोंडावर गोदामातली धूळ, एक केस आणि कसलंसं सूत येऊन बसलं होतं. ते ती चष्म्यातून निरखत राहिली.

“मग झाकून तरी ठेव,” ती म्हणाली. “धूळ बसतेय त्यांच्यावर.”